बेसच्या नॉबची खरखर घरच्या घरी कशी घालवायची

मागच्या नवरात्रातली सहावी की सातवी रात्र. आमच्या बडोद्यात सोसायटीच्या गरब्याला पण लोकांना लाइव्ह ऑर्केस्ट्राच लागतो, आणि त्यात मी बेस गिटार वाजवतो, म्हणजे मागे ढोलवाल्याच्या शेजारी उभा असतो, दिसत कोणालाच नाही. ब्रेकनंतर गाणाऱ्या ताईंनी एकदम संथ गरबा उचलला, मला वाटलं बेस जरा खाली घ्यावा, व्हॉल्यूमच्या नॉबला नुसतं बोट लावलं तर स्पीकरमधून असा खर्रर्र आवाज आला की पुढच्या फेरीतल्या दोन-तीन काकूंची टाळी चुकली आणि साउंडवाला माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मी त्याचा स्पीकरच फाडलाय.

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं जे सगळे करतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा आणला आणि तिन्ही नॉबवर वरूनच, नॉब न काढता, झुरळं मारल्यासारखा फवारला. संध्याकाळी परत खरखर. शेवटी आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले, त्यांच्याकडे बेस घेऊन गेलो. त्यांनी जन्मात बेस गिटार हातात धरलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "फिरवल्यावर खरखरतंय, की न फिरवता पण?" मला सांगताच येईना, कारण नीट ऐकलंच नव्हतं कधी. मग त्यांनी बेसमध्ये खोचलेली केबलची पिन जरा हलवली. खर्रर्र. जॅकचा, म्हणजे पिन खोचायच्या भोकाचा, नट सैल. नॉबखालचा पॉट पण खराब होता, पण तिन्हीतला एकच, मधला, आणि नेमका त्याच्यावरच माझा स्प्रे सगळ्यात कमी पडला होता.

तेव्हा ज्यांनी आजपर्यंत आपला बेस कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी हे सगळं लिहितोय. ज्या गावात सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली त्या गावात तंबोऱ्याची जवारी काढून देणारा माणूस मिळेल, पण बेसची वायर जोडून देणारा मला तरी पटकन सापडला नाही, त्यामुळे आपलं आपणच शिकावं लागलं.

आधी आत काय असतं ते

नॉबच्या खाली जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी एक धातूची डबी असते, तिला आपण पॉट म्हणतो, म्हणजे पोटेन्शिओमीटर. पार्ट्सच्या दुकानात मात्र पॉट मागितला तर समोरचा जरा विचार करतो, तिथे त्याला सरळ व्हॉल्यूम कंट्रोलच म्हणतात, मग तो टोनला लावा नाहीतर पंख्याला. डबीला बाहेर तीन पाय. आत घोड्याच्या नालेसारखा वाकडा कार्बनचा पट्टा, त्याची दोन टोकं म्हणजे बाजूचे दोन पाय, आणि पट्ट्यावरून घासत फिरणारी धातूची जीभ म्हणजे वायपर, तो मधल्या पायाला जोडलेला. नॉब फिरवला की जीभ पट्ट्यावरून सरकते, बस एवढंच मशीन आहे.

आता या पट्ट्यावर धूळ बसली, आतलं ग्रीस वाळून चिकट झालं, जिभेवर काळा थर आला किंवा कार्बनच घासून गेला, की फिरवताना जीभ मध्ये मध्ये उचलली जाते, सिग्नल क्षणभर तुटतो आणि परत जुळतो. ते तुटणं-जुळणं ॲम्प मोठं करून आपल्याला ऐकवतो, तीच खरखर. आमच्याकडे तर काय, पावसाळाभर बेस पलंगाखाली दमट बॅगेत आणि ऑक्टोबर आला की डायरेक्ट मैदानात, जिथे हजार पाय धूळ उडवतायत. पॉटनी तरी काय करावं.

पहिलं काम: चोर कोण ते बघा

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण अर्धी दुरुस्ती इथेच होते, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहितो. स्क्रू ड्रायव्हर अजून बाजूला ठेवा. बेस, एक केबल, ॲम्प, एवढंच, मध्ये पेडल-बिडल, वायरलेस काही नको. एका वेळी एकच गोष्ट हलवायची आणि बाकी कशाला हात लावायचा नाही, हाच काकांचा सगळा मंत्र होता.

केबलपासून सुरू करा. बेसचे सगळे नॉब फुल करा, तारांवर पंजा ठेवून गप्प करा, आणि केबल दोन्ही टोकांना, जिथे ती पिनमध्ये शिरते तिथे, हळू वाकवा. आवाज आला तर केबल गेली, दुसरी लावून परत ऐका. मग पिन जॅकमध्येच गोल फिरवा, वर-खाली हलवा. इथे खरखरलं तर जॅक, म्हणजे एकतर नट सैल आहे, किंवा आतली पट्टी पिनला नीट दाबत नाहीये, किंवा वायरचं सोल्डर तुटत आलंय. जॅकचा नट सैल असेल तर नुसता नट आवळू नका हां, आतला जॅक पण त्याच्याबरोबर फिरतो आणि मागच्या वायरी पिळून तुटतात. प्लेट उघडून आतून जॅक बोटांनी धरायचा आणि मग बाहेरून पान्यानं नट आवळायचा. हेच पॉटच्या नटलाही लागू आहे, सैल पॉट नॉबबरोबर अख्खा गोल फिरतो आणि एक दिवस वायर तुटते आणि आवाज बंद.

मग ॲम्पचा स्वतःचा व्हॉल्यूम फिरवून बघा. हसू नका, एका मित्रानं बेस उघडून सगळं साफ केलं होतं आणि खरखर ॲम्पच्या गेन नॉबची निघाली.

आता बेसचे नॉब, एकेक करून, सावकाश, शून्यापासून फुलपर्यंत आणि परत. कान कुठे लावायचा? खरखर पूर्ण फेरीत सगळीकडे येते का एकाच ठिकाणी, ते ऐका. सगळीकडे हलकी खरखर असेल तर बहुतेक घाण आहे आणि ती निघेल. एकाच जागी ठळक 'टक' होतं किंवा आवाजच गायब होतो, तर तिथला पट्टा खाल्ला गेलाय, तो स्प्रेनं परत येणार नाही. आणि नॉबला न फिरवता नुसतं आडवं-तिडवं हलवल्यावर आवाज येत असेल तर आतलं सोल्डर किंवा पॉटचा दांडाच ढिला झालाय. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा, उघडल्यावर सगळं सारखंच दिसतं.

दोन फसवे आवाज आहेत जे पॉटच्या नावावर खपतात. एक म्हणजे पिकगार्डवर, म्हणजे बेसच्या पुढच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या पातळ प्लेटवर, बोट घासलं की होणारी चटचट, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत. ती स्टॅटिक असते, केसावर घासलेल्या कंगव्यासारखी. नॉब न फिरवता पिकगार्डवरून नुसतं बोट ओढा, चटचट आली तर पॉटचा काही दोष नाही, किंचित ओलसर फडक्यानं प्लॅस्टिक पुसा आणि कधी उघडाल तेव्हा पिकगार्डच्या पाठीमागचा फॉइल अर्थला जोडलेला आहे का बघा. दुसरा फसवा आवाज जाझ बेसवाल्यांचा (जाझ बेस आणि पुढे येणारा प्रिसिजन बेस ही फेंडर कंपनीची दोन मॉडेल). आताच्या बहुतेक जाझ बेसमध्ये दोन्ही पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, तारांचा आवाज पकडणाऱ्या कॉइल, एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, दोन्ही व्हॉल्यूम सारखे असले की गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते, आणि एक जरा कमी केला की 'हंम्म' सुरू. नवीन मुलं म्हणतात व्हॉल्यूम खराब झाला. झालेला नाही, ते सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपचं नशीबच आहे. खरखर आणि गुणगुण हे दोन वेगळे आजार.

तुमच्या बेसमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल, म्हणजे ॲक्टिव्ह असेल, तर आधी नवीन बॅटरी टाकून बघा. उतरलेल्या बॅटरीनं आवाज फाटतो आणि तो फाटका आवाज लोक खरखर समजतात. आणि वाजवून झालं की पिन काढून ठेवत जा, बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये पिन आत घातली की बॅटरी सुरू होते, रात्रभर लावून ठेवली की सकाळी बॅटरी झोपलेली.

सामान

क्लीनरबद्दल आधी बोलतो कारण सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. घरात जो निळा-पिवळा डबा असतो, दाराच्या कडीला मारायचा डब्ल्यूडी-४०, तो पॉटमध्ये मारू नका. त्या नावातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायला बनवलेली वस्तू आहे ती, मागे तेलकट थर सोडते आणि त्या थरावर मैदानातली धूळ छान चिकटून बसते. आठवडाभर पॉट लोण्यासारखा फिरतो, मग आधीपेक्षा वाईट. त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा डबा येतो, तो चालतो, डब्यावरचं नाव पूर्ण वाचून घ्या. पॉटसाठी सगळ्यात छान म्हणजे डीऑक्सिटचा एफ५, तो कार्बनच्या पट्ट्यासाठीच आहे, साफ पण करतो आणि थोडं वंगण पण ठेवतो, महाग पडतो पण वर्षानुवर्षं पुरतो. त्यांचाच डी५ जॅक आणि स्विचसाठी, धातूवर धातू असतो तिथे. नुसतं आयसोप्रोपिल अल्कोहोल पण घाण काढतं, पण आतलं ग्रीसही घेऊन जातं, मग पॉट साफ झाला तरी दांडा कोरडा कोरडा, हातात वाळू आल्यासारखा फिरतो. शिवणाच्या मशीनचं तेल, खोबरेल, पेट्रोल वगैरे जे काही कोणी सुचवेल त्याला हात जोडा.

बाकी सामान साधं. फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, नॉबच्या बाजूच्या बारीक स्क्रूसाठी ॲलन की (बऱ्याच बेसना १.५ मिलिमीटरची लागते), छोटा पाना, एक जुना टॉवेल, स्क्रू ठेवायला स्टीलची वाटी, आणि फोन. फोन फोटोसाठी. एकही वायर हलवायच्या आधी चार बाजूंनी फोटो काढा, "मला लक्षात राहील" असं म्हणणाऱ्याच्या लक्षात कधीच राहत नाही, मी स्वतः तसलाच आहे.

उघडायचं कसं

केबल काढा, ॲम्प बंद, ॲक्टिव्ह असेल तर बॅटरी बाहेर. बेस टॉवेलवर उताणा.

जाझ बेसला नॉब आणि जॅक एका वेगळ्या लोखंडी पट्टीवर असतात, ती बाजूचे स्क्रू काढले की उचलता येते, तारांना हात लावायची गरज नाही. प्रिसिजन बेसला सगळं पिकगार्डवरच टांगलेलं असतं, १९६० नंतरच्या पद्धतीचा असेल तर तेरा स्क्रू, सगळे काढावे लागतात, आणि तारा आधी चांगल्या ढिल्या कराव्या लागतात म्हणजे पिकगार्ड खालून सरकवता येतो. तारा सगळ्या काढून नका टाकू, मान उगाच हलते. आयबानेझ वगैरेसारखे मागून खिडकी असलेले बेस सगळ्यात सोपे, पाठीमागचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, झालं. प्लेट उचलताना उपटायची नाही, वायरी आखूड असतात, एका हातानं जरा उचलून आधी खालच्या वायरी बघायच्या आणि मग उलटी करून टॉवेलवर ठेवायची.

स्प्रे मारायला नॉब काढायची गरज नसते. पॉट बाहेर काढायचा असेल तरच काढायचा. ज्या नॉबला बाजूला स्क्रू नाही तो नुसता दाबून बसवलेला असतो, त्याच्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पॉलिशवर कायमचा ओरखडा बसतो. एक सुती फडकं नॉबच्या खालून गोल गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून सरळ वर ओढा, येतो.

स्प्रे कुठे मारायचा

हा माझा सगळ्यात मोठा घोटाळा होता. वरून, दांड्याच्या बाजूनं मारलेला स्प्रे आत पट्ट्यापर्यंत फारसा जातच नाही, तो दांड्याचं ग्रीस धुऊन टाकतो आणि उरलेला लाकडाच्या भोकात जिरतो. पॉट उलटा करून बघा. जिथे तीन पाय बाहेर येतात तिथे धातूची डबी आणि तपकिरी पट्टी यांच्यामध्ये एक फट दिसेल, आत टॉर्च मारला तर कार्बन पण दिसतो. डब्याबरोबर आलेली लाल नळी त्या फटीला टेकवा आणि फक्त एक छोटा फुस्स. अर्धा सेकंद. भरून वाहायला लागलं म्हणजे जास्त झालं. खाली लाकूड आणि कडेची पॉलिश टिश्यूनं झाकून घ्या, काही क्लीनर पॉलिशला आणि काही प्लॅस्टिकला खातात.

मग लगेच नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा, पूर्ण फेरी, अर्धवट नाही. घासणं हेच खरं काम आहे, स्प्रे नुसता मदतीला असतो. सुरुवातीला फिरवताना बोटाला खडबड जाणवते, हळूहळू ती मऊ होत जाते, हे हाताला कळतं, ॲम्प लावायच्या आधीच. जे पॉट खराब नाहीत त्यांना मारायची गरज नाही. पंधरा-वीस मिनिटं वाळू द्या, खिडकी उघडी ठेवा, जवळ सोल्डरिंग आयर्न किंवा अगरबत्ती काही पेटलेलं नको, हे स्प्रे पेट घेतात. मग केबल लावा आणि परत ऐका, तोच कागद घेऊन.

काही नवीन बेसमध्ये पॉट छोटे असतात, साधारण १६ मिलिमीटरचे, आणि पूर्ण बंद, फटच नाही. तिथे दांड्याच्या मुळाशी एक थेंब सोडून बेस तिरका धरून फिरवत राहायचं, लागला तर लागला. असे पॉट साफ करत बसण्यापेक्षा बदललेले बरे, असं माझं मत.

तरी पण खरखरतंय

दोनदा साफ करून फरक नाही म्हणजे पट्टा गेलाय, किंवा, ॲक्टिव्ह बेस असेल तर, एक वेगळी गंमत असू शकते. ॲक्टिव्ह सर्किटमध्ये बॅटरीचा डीसी करंट पॉटपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये एक कपॅसिटर असतो. तो गळायला लागला की पॉटवर डीसी येतो, आणि मग अगदी नवा कोरा पॉट लावला तरी खरखरतो. लोक तीन-तीन पॉट बदलतात आणि डोकं धरून बसतात. बघायची पद्धत अशी: बॅटरी टाका, पिन जॅकमध्ये घाला पण दुसरं टोक ॲम्पला लावू नका, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब जॅकच्या अर्थला, लाल प्रोब व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला. मिनिटभर थांबून आकडा बघा, शून्य किंवा अगदी दोन-चार मिलीव्होल्ट पाहिजे. त्याहून बराच मोठा आकडा दिसत असेल तर कपॅसिटर बदलायचं काम आहे, आणि नवीन माणसानं ते एखाद्या ॲम्प दुरुस्तीवाल्याकडे न्यावं, बोर्डवरचे बारीक जॉइंट असतात. ईक्यूच्या, म्हणजे बेस-ट्रेबल कमी-जास्त करायच्या पॉटवर हा प्रयोग करू नका, तिथे काही सर्किटमध्ये व्होल्टेज मुळातच असतं आणि तुम्ही उगाच घाबराल.

साध्या पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेससाठी मीटर ओहमवर लावा. एक चूक सगळे करतात, पॉट सर्किटमध्येच ठेवून मोजतात, आणि २५० के (के म्हणजे किलोओहम) ऐवजी ८-१० के दिसलं की म्हणतात पॉट मेला. तो पॉटचा आकडा नाहीच, पॉटला समांतर जोडलेल्या पिकअपच्या वायरीचा आहे. वायरी सोडवून मग मोजा. बाजूच्या दोन पायांमध्ये साधारण छापील आकडा यायला पाहिजे, वीस टक्के इकडे-तिकडे चालतं. मग मधला आणि एक बाजूचा पाय धरून सावकाश फिरवा, आकडा सरळ चढत किंवा उतरत गेला पाहिजे, मध्येच उडी मारली तर तीच जागा. काकांकडे काट्याचा जुना मीटर होता आणि मला तो डिजिटलपेक्षा आवडला, काटा थरथरला की लगेच दिसतं.

बदलायचा तर कुठला

जुन्या पॉटच्या पाठीवर किंवा बाजूला ए२५०के, बी५००के असं काहीतरी छापलेलं असतं. प्रिसिजन आणि जाझसारख्या पॅसिव्ह बेसना बहुतेक २५० के, हंबकर, म्हणजे जोड गुंडाळीचे पिकअप असलेल्यांना ५०० के, आणि ईएमजी कंपनीच्यासारख्या ॲक्टिव्ह पिकअपना २५ के. आकडा कमी केला की वरचे सूर बोथट होतात, २५० च्या जागी १०० के बसवलं तर बेस घोंगडीखालून वाजल्यासारखा वाटतो. ए म्हणजे लॉग (आकडा आधी हळू, मग भराभर वाढतो), बी म्हणजे लिनियर (आकडा सारखा वाढत जातो), हल्ली आशियातल्या पॉटवर हीच अक्षरं चालतात. मास्टर व्हॉल्यूमला बी लावला तर दहापासून तीनपर्यंत फारसा फरक कळत नाही आणि मग एकदम घसरतो, कारण आपला कान लॉगमध्ये ऐकतो. तेव्हा व्हॉल्यूमला ए बरा.

सीटीएस, अल्फा, बोर्न्स या कंपन्यांचे पॉट ऑनलाइन मिळतात. पण मला त्याच दिवशी पाहिजे होता, अष्टमी होती, तेव्हा गावातल्या एका जुन्या रेडिओ पार्ट्सच्या दुकानात गेलो.

"भाई, वोल्यूम कंट्रोल आपजो ने, बसो पचास के, लॉग."

"बसो पचास नथी. बसो वीस छे, चालशे?"

मी विचारात पडलो. मग हिशोब केला, २५० केचा पॉट वीस टक्क्यांच्या फरकानं २०० पासून ३०० पर्यंत काहीही असू शकतो, म्हणजे २२० त्याच्या आतच आला. चालशे! एका प्लेट सेव-उसळच्या भावात काम झालं. फक्त दोन गोष्टी बघाव्या लागल्या: दांडा लांबलचक होता, तो हॅकसॉनं कापला (दांडा व्हाइसमध्ये धरून कापायचा, डबी धरून नाही, आतली जीभ वाकते), आणि पॉटचं नरडं बारीक, बेसच्या प्लेटचं भोक साडेनऊ मिलिमीटरचं, म्हणून दोन्ही बाजूंना मोठे वॉशर लावले.

जोडताना

फोटो समोर ठेवा. एक वायर काढा, नव्या पॉटच्या त्याच पायाला लावा, मग पुढची. सगळ्या एकदम सोडवल्या की रात्र गेली समजा.

जाझ बेसवाल्यांनो, जरा लक्ष द्या. मास्टर व्हॉल्यूम असलेल्या बेसमध्ये पिकअप बाजूच्या पायाला येतो आणि मधल्या पायातून आवाज बाहेर जातो. जाझमध्ये उलटं, पिकअप मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी वायर बाजूला, कारण नाहीतर एक व्हॉल्यूम शून्य केला की दुसरा पिकअप पण बंद पडतो. १९६० साली पहिले जाझ बेस आले तेव्हा तर दोन दांड्यांवर एकावर एक असे चार नॉब असायचे, तीन नॉबची ओळखीची मांडणी १९६२ च्या आसपासची. तर फोटोत जे दिसतं तेच करा, प्रिसिजनचं चित्र बघून जाझ जोडू नका.

पायांना सोल्डर मारायला २५ वॉटची सोल्ड्रॉन कंपनीची आयर्न पुरते, पण पॉटच्या पाठीवर जी अर्थची वायर असते ती डबी सगळी उष्णता पिऊन टाकते, तिथे ४० ते ६० वॉट लागतं. पाठ आधी सँडपेपरनं जरा खरवडा, आयर्न टेकवून डबी गरम करा, मग सोल्डर डबीला लावा, आयर्नला नाही, वितळून पसरलं की आयर्न काढा. चार-पाच सेकंदांच्या वर टेकवून ठेवू नका, आतला पट्टा करपतो आणि नवीन पॉट नवीन असतानाच खरखरायला लागतो. जॉइंट चकचकीत पाहिजे. राखाडी, दाणेदार दिसला तर ड्राय सोल्डर झालाय, परत गरम करा. आणि ब्रिजकडून, म्हणजे तारा जिथे खाली अडकवलेल्या असतात त्या पट्टीकडून, येणारी एकटी वायर विसरू नका, ती तारांना अर्थ देते, ती सुटली की तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी व्हायची ती होत नाही.

बंद करायच्या आधी केबल लावून, सगळं उघडं असतानाच, स्क्रू ड्रायव्हरनं पिकअपवर हळूच टकटक करून बघा. आवाज आला, नॉब मऊ फिरले, तर मग स्क्रू. वाटीत एक स्क्रू उरला तर परत उघडायचा हा नियम मी मोडलाय, सांगत नाही काय झालं.

ऐन कार्यक्रमात सुरू झालं तर? साउंडवाल्याला खूण करून चॅनल म्यूट करायला लावा आणि नॉब भराभर तीस-चाळीस वेळा फिरवा, वरचा थर घासून निघतो आणि रात्र निभावते. तेही नाही जमलं तर बेसचा व्हॉल्यूम फुल करून ठेवून द्या आणि हात लावू नका, फुलला जीभ पट्ट्याच्या टोकाला धातूवर असते, तिथे खरखर करायला कार्बनच नसतो, आवाज कमी-जास्त ॲम्पवरून करा. घरी असाल तेव्हा महिन्यातून एकदा सगळे नॉब, विशेषतः तो टोन ज्याला कोणी हात लावत नाही, वीस वेळा फिरवत जा.

आणि काढलेला जुना पॉट कचऱ्यात टाकू नका लगेच. डबीच्या कडेला चार पत्र्याच्या चिमट्या दुमडलेल्या असतात, पक्कडीनं त्या सरळ करा, डबी उघडते. आत सगळा पट्टा काळा कुळकुळीत दिसेल आणि एका जागी, जिथे तुमचा हात सगळ्यात जास्त असतो, तिथे घासून घासून बारीक चर पडलेली असेल. माझ्या पॉटला ती बरोब्बर साताच्या जवळ होती. काकांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "दहावर कधी वाजवतच नाहीस की काय?"